परवाचा गुच्छ

बाईंना त्या दिवशी एका जागी बसवत नव्हते. संस्थेच्या दुसऱ्या मजल्यावरची त्यांची खोली तशी लहानच. खिडकीपासून दारापर्यंत जाऊन परत येईतो मनातले एक वाक्यही पुरे होत नसे. तरी येरझारा चालूच होत्या. टेबलावरच्या चहावर साय धरली होती. शेजारच्या पडद्यावर एक चित्र उघडे होते: काळ्याभोर पटावर बारीक ठिपक्यांची लांबच लांब रेघ, आणि त्या रेघेत, थोडी डावीकडे, एक रिकामी जागा.

त्या रिकाम्या जागेपायी बाईंची उमेदीची सगळी वर्षे खर्ची पडली होती, आणि वर्षअखेर त्या निवृत्त होणार होत्या.

ती रेघ म्हणजे ताऱ्यांचा प्रवाह. फार पुरातन काळी आकाशगंगेच्या कडेकडेने ताऱ्यांचा एक दाट गुच्छ प्रदक्षिणा घालीत होता. आकाशगंगेच्या ओढीने त्याची वीण हळूहळू उसवली. काही तारे पुढे सांडले, काही मागे रेंगाळले, आणि अखेर गुच्छाचे गुच्छपण जाऊन एकामागून एक चालणाऱ्या ताऱ्यांची रांग तेवढी उरली. अशी रांग फार हळवी असते. तिच्याजवळून एखादी जड वस्तू गेली, की काही ताऱ्यांना पुढे आणि काहींना मागे किंचित ओढ लागते. ती ओढ त्या वेळी कोणाच्या ध्यानातही येऊ नये इतकी अल्प असते. परंतु काळ सरतो तसतसे त्या ताऱ्यांमधले अंतर वाढत जाते, आणि रांगेत खिंडार दिसू लागते.

धक्का देणारी वस्तू दिसणारी असेल, तर गोष्ट तिथेच संपते. पण ती दिसत नसेल तर? आकाशगंगा ज्या अदृश्य द्रव्यात आकंठ बुडालेली आहे, ज्याला शास्त्राने कृष्णद्रव्य असे नाव दिले, त्यात लहानमोठे गोळे असावेत असे गणित सांगते. एकही तारा नसलेले, निखळ काळोखाचे गोळे. ते आहेत की नाहीत, आणि असलेच तर किती लहान, यावरून त्या द्रव्याचा स्वभावच ठरायचा आहे. ज्याला रूप नाही, त्याची ओळख त्याने दुसऱ्याच्या अंगावर उमटवलेल्या खुणेवरूनच पटायची. रेघेतली ती रिकामी जागा म्हणजे अशी एक खूण आहे, असे बाईंचे म्हणणे होते. आणि दोन दिवसांनी भरल्या सभागृहात त्या तसे सांगणार होत्या.

दारावर टकटक न करता आत येणारा संस्थेत एकच माणूस होता. तो बाईंचा वर्गबंधू, आता संस्थेचा संचालक. वाक्यावाक्याला ‘पण’ जोडण्याच्या सवयीमुळे विद्यार्थ्यांच्या दोन पिढ्यांनी त्यांना ‘पणसर’ करून टाकले होते, आणि ते त्यांनाही ठाऊक होते.

“फरशी झिजेल,” आत येत ते म्हणाले. “काय, व्याख्यान चालत चालतच द्यायचा बेत आहे का?”

“बोल, काय काम आहे?”

“काम काही नाही. बाहेरगावचे लोक येऊन पोचताहेत. सभागृह भरणार यात शंका नाही. पण...”

“आला तुझा ‘पण’. विचार आता.”

“दिसणाऱ्या सगळ्या गुच्छांची झडती घेतलीस?”

“घेतली.”

“सगळ्यांची?”

“सगळ्यांची. खिंडार पडलं त्या सुमाराला एकही जवळून गेलेला नाही. लेखात तसं वाक्यच आहे.”

“तू म्हणतेस म्हणजे असेल,” पणसर म्हणाले. “पण मी विचारलं नसतं, तर तुलाच चुकल्यासारखं वाटलं असतं.”

ते हसत निघून गेले. बाईंची घालमेल मात्र दुप्पट झाली. कारण पाहू जाता काहीच नव्हते. उसवून न गेलेले, शाबूत असे दीडशेहून अधिक गुच्छ आजही आकाशगंगेभोवती फिरत आहेत. प्रत्येकाची आजची जागा आणि वेग घ्यायचा, संगणकावर काळ उलटा फिरवायचा, आणि त्या सुमारास कोण कुठे होता ते पाहायचे, अशी ती झडती. गणित सरळ चालते आहे ना, याची खात्री पटावी म्हणून तोच प्रवास पुढच्या दिशेनेही चालवून पाहण्याची त्यांच्या गटात रीत होती. हे सारे काम बाईंच्या जोडीने सहा वर्षे राबणाऱ्या संशोधिकेने केले होते. परक्या ताऱ्यांच्या गर्दीतून प्रवाहाचे तारे अचूक वेगळे काढण्यात तिचा हात कोणी धरला नसता, म्हणून संस्थेत तिला सगळे ‘चाळणी’च म्हणत, स्वतः तीही फोन उचलताना “चाळणी बोलतेय” असे म्हणू लागली होती.

कोटींचे आकडे सारखे जिभेवर खेळवणे जिवावर येई. म्हणून बाईंनीच कधीतरी थट्टेने म्हटले होते, की आकाशगंगेच्या लेखी दहा कोटी वर्षे म्हणजे काल. तेव्हापासून गटात ती बोलीच रूढ झाली. एखादा गुच्छ ‘कालचा’ म्हणजे नुकताच प्रवाहाजवळून गेलेला. ‘उद्याचा’ म्हणजे अजून यायचा आहे, अर्थात निर्दोष. जो अजून आलाच नाही, तो धक्का कसा देईल? जिना उतरता उतरता चाळणीने त्या बोलीत एकेकाचा निकाल सांगितला होता, आणि बाईंनी एकेकाला सोडून दिले होते.

घर संस्थेपासून पायी जाण्याच्या अंतरावर होते. तळमजल्यावर यजमानांचा दातांचा दवाखाना, वर राहती जागा. “आमचा धंदा लोकांच्या तोंडावर चालतो, पाठीमागे नाही,” हा यजमानांचा ठरलेला विनोद होता, आणि तो ऐकून नव्या रुग्णाने तोंड उघडले की त्यांचे अर्धे काम होई.

“कशी आहे तुझी फट?” जेवताना त्यांनी विचारले.

“फट नाही हो. खिंडार.”

“आमच्यात फटच म्हणतात. आणि फट दिसली की आम्ही आधी विचारतो, इथला दात पडला, काढला, की मुळात उगवलाच नव्हता?”

“ते सगळं तपासून झालंय.”

“मग मघापासून तोच घास का घोळवते आहेस?”

बाईंनी घास गिळला. घरात आपले लक्ष नाही, हे त्यांना आतून टोचत होते. काहीतरी घरचे विचारावे म्हणून त्यांनी विचारले, “वन्संचं काय झालं? दाढ दाखवायची होती ना त्यांना?”

“बारकी ना? परवा,” यजमान भाजीचे भांडे पुढे ओढीत म्हणाले. धाकट्या बहिणीला ते अजून बारकीच म्हणत. ती एका शाळेची मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाली होती तरी.

“नेमक्या परवाच?”

“परवाच. तिचं सगळं नेमकंच असतं.”

बाईंनी मनातल्या मनात कपाळावर हात मारून घेतला. व्याख्यानही परवाच होते. एकीकडे सभागृह, दुसरीकडे सुजलेल्या गालाने बसलेली नणंद. आणि वन्संना आल्या पावली कोणी ‘बसा’ म्हटले नाही तर त्या गोष्टीचे पडसाद वर्षभर उमटत. दुसऱ्या दिवशी सकाळी निघण्याआधी त्यांनी पाहुण्यांची खोली झाडली, गादीवर धुतलेली चादर घातली, उशाला तांब्या-भांडे ठेवले. दाराशी येऊन यजमान क्षणभर पाहत राहिले. चेहऱ्यावर थोडा अपराधी भाव होता.

“मी फार घोरतो का गं अलीकडे?” त्यांनी विचारले.

“हे काय मध्येच?”

ते उत्तर देणार तोच खाली दवाखान्याची घंटा वाजली, आणि ते मान हलवीत जिना उतरले.

त्या दुपारी बाई व्याख्यानाची चित्रे क्रमाने लावीत होत्या आणि पुन्हा पुन्हा मोडीत होत्या, तेव्हा फोन वाजला.

“वहिनी, आहेस ना जिवंत?”

“वन्सं! अहो, तुमचीच तयारी करून निघालेय. खोली आवरलीय, चादर घातलीय. उद्या साधारण कधी पोचताय?”

पलीकडून असा आवाज आला की त्यापुढे वर्गातला उनाड पोरगाही ताठ उभा राहिला असता.

“उद्या? मी उद्या कशाला येऊ? येऊन गेले की मी! दाढ कोरून घेतली, वर येऊन तुमच्या दिवाणखान्यात एकटी बसले, एक शब्द बोलता येत नव्हता तरी तुझी वाट पाहिली, आणि शेवटी आपली आपण निघाले. दादानं सांगितलं नाही?”

“ते म्हणाले, परवा.”

“मग बरोबरच म्हणाला. परवाच आले होते. आता तेरवा म्हण.”

“मला वाटलं, परवा येणार.”

“वहिनी, तू म्हणे आकाशातल्या कोटी-कोटी वर्षांचा हिशोब ठेवतेस. घरातले चार दिवस तेवढे धड सांभाळ. आणि त्या चादरीवर आता झोप स्वतःच!”

बाई खळखळून हसल्या. कित्येक दिवसांत त्या अशा हसल्या नव्हत्या. यजमान घोरण्याचे का विचारीत होते, तेही आता उमगले. त्या हसत हसत फोन खाली ठेवू लागल्या, आणि हात तसाच अधांतरी राहिला.

संस्कृतात सरलेल्या दिवसाला आणि येणाऱ्या दिवसाला वेगवेगळी नावे आहेत. ह्यः आणि श्वः. त्यांच्या पलीकडचे दोन दिवसही एकमेकांत मिसळत नाहीत. परह्यः तो मागचा, परश्वः तो पुढचा. आपल्या मायबोलीने काल आणि उद्या यांचा भेद राखला, पण पलीकडच्या दोन्ही दिवसांना एकाच शब्दाच्या अंगरख्यात बसवले. घरोघर त्याने काही बिघडत नाही. क्रियापद जवळच उभे असते, ते वाट दाखवते. क्रियापद गळले, की मात्र ‘परवा’ हा शब्द दोन तोंडांचा होतो.

जिना उतरता उतरता चाळणीने काय म्हटले होते? शब्द जसेच्या तसे बाईंच्या कानी आले: “जुळा उद्याचा, बाई. तिरपा परवाचा. म्हातारा तर तिकडे फिरकलेलाच नाही.”

गुच्छांची ही नावे त्या दोघींनीच ठेवलेली. ‘तिरपा’ हा कलत्या कक्षेत फिरणारा एक लालसर गुच्छ होता.

चाळणीची खोली बोळाच्या टोकाला होती. बाई इतक्या घाईने कधी कोणाच्या दारात उभ्या राहिल्या नव्हत्या. चाळणी डबा उघडून बसली होती. एका हाताने जेवीत, दुसऱ्याने पडद्यावरचे आकडे सरकवीत.

“तिरपा परवाचा, असं म्हणाली होतीस. आठवतं?”

“हो. का?”

“म्हणजे गेलेला, की यायचा?”

“गेलेला. यायच्याला कोण परवाचा...” चाळणीचा घास हातात थांबला. “यायच्यालाही परवाचाच म्हणतात, नाही का?”

“जुळा उद्याचा, तिरपा परवाचा. अगं, उद्यानंतर परवाच येतो.”

“कालच्या आधीही परवाच येतो, बाई.”

बाईंनी सावकाश विचारले, “मी लेखात लिहिलं, की एकही गुच्छ जवळून गेला नाही. तू ते वाचलंस. तेव्हा का नाही बोललीस?”

“मला वाटलं, तुम्ही त्याला वजनावरून सोडलंत. तसा तो हलका आहे, झपाट्यानं जातो. म्हटलं, बाईंनी विचार केलाच असेल.” ती डब्याचे झाकण उगाच फिरवीत राहिली. “तुम्ही लिहिलेल्या वाक्याला मी कशाला मध्ये बोलू, असंही वाटलं. खोटं कशाला सांगू.”

“मी विचार केलाच नव्हता. मी त्याला आलाच नाही असं समजून बसले होते.”

“मग आता?”

“आता डबा बाजूला ठेव, आणि त्याला मागे सोड.”

दुपार टळून गेली. तिरप्याची आजची जागा पक्की ठाऊक होती, परंतु वेग तितका नेमका मोजलेला नव्हता. म्हणून त्या दोघींनी एकाच तिरप्याचे हजारो तिरपे केले, प्रत्येकाला किंचित निराळा वेग दिला, आणि सगळ्यांना भूतकाळात सोडले. पडद्यावर निळ्या रेषांचा एक झाडू उलटा पसरत गेला. बाई प्रत्येक रेषेकडे असे पाहत होत्या, जणू नजरेने तिला वाट बदलायला लावता आली असती. बहुतेक रेषा प्रवाहापासून दुरून गेल्या. पण जवळजवळ तिसरा हिस्सा नेमका त्या ठिकाणी, नेमका त्या सुमारास रांगेला घासून गेला.

तिसरा हिस्सा! शून्य आले असते, तर बाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला असता. सगळेच्या सगळे आले असते, तर निदान रडता आले असते. या उत्तराला ना धड हसू, ना धड आसू.

“वजन पाहू या,” बाई म्हणाल्या. “एवढ्या हलक्या गुच्छानं एवढं मोठं खिंडार पडेल?”

चाळणीने तेही करून पाहिले. तिरपा आज हलका होता खरा. परंतु त्या काळी तो किती जड असेल हे सांगता येत नव्हते, कारण त्याचेही तारे वाटेत सांडतच आले होते. थोडा अधिक जड धरला, की खिंडार पडत होते. काळोखाचा गोळा धरला, तरीही पडत होते. हुबेहूब तेच.

“भेद कशात दिसेल?” बाईंनी विचारले, उत्तर ठाऊक असूनही.

“खिंडाराच्या काठावरचे तारे. त्यांना आडवा वेग किती मिळाला, त्यावरून धक्का कुणाचा ते कळेल. पण ते फार फिके आहेत, बाई. मोठी दुर्बीण लागेल. दोन वर्षं तरी.”

दोन वर्षे. बाईंच्या हाती काही महिने होते.

“तळटीप घालू,” चाळणी हळूच म्हणाली. “एका गुच्छाची शक्यता अजून पूर्ण वगळता आलेली नाही, असं. लोक तळटीपा वाचत नाहीत.”

बाईंनी तिच्याकडे असे पाहिले की ती खाली मान घालून डबा भरू लागली. परंतु खरे सांगायचे, तर त्या दृष्टिक्षेपात जेवढा राग होता, तेवढाच मोहही होता. घरी जाताना वाटेत बाईंनी मनातल्या मनात ती तळटीप तीन-चार तऱ्हांनी रचून पाहिली. प्रत्येक वेळी ती अधिक आखूड होत गेली. आपली बुद्धी आपल्याच घरात इतक्या सफाईने चोरी करते, हे पाहून त्यांना स्वतःचीच भीती वाटली.

सकाळी त्या पणसरांच्या खोलीत गेल्या. जे घडले ते त्यांनी सांगितले. पणसरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला.

“व्याख्यानाचं नाव बदलायचं आहे,” बाई म्हणाल्या. “‘काळोखाची खूण’ नको.”

“सगळीकडे छापून गेलंय. लोक ते ऐकायलाच आलेत.” ते उठून खिडकीपाशी गेले. “हे बघ, तिसरा हिस्सा म्हणजे दोन हिस्से तुझ्याच बाजूने. अनिश्चितता कुणाच्या कामात नसते? सांग तू तुझं, आणि शेवटी एक ओळ जोड.”

“तूच विचारलं होतंस, सगळ्यांची झडती घेतलीस का म्हणून.”

“विचारलं होतं. पण ते मी विचारायलाच असतो. आज संचालक म्हणून सांगतोय.” त्यांचा स्वर एकाएकी खाली आला. “तुझी ही शेवटची सभा आहे. वर्षानुवर्षं तू त्या एका रेघेवर जीव लावून बसलीस, ते आम्ही पाहिलंय. कुणीही तुझ्याकडे बोट दाखवणार नाही.”

जुना मित्र पहिल्यांदाच शंका घ्यायची सोडून बाईंना सांभाळून घेत होता, आणि नेमके तेच त्यांना सहन होईना. त्याने वाद घातला असता, तर बाई कदाचित इरेला पेटून मूळचेच व्याख्यान देऊन बसल्या असत्या. ही माया मात्र हातात धरता येईना आणि टाकूनही देता येईना.

“नाव राहू दे,” त्या उठत म्हणाल्या. “बोलायचं ते मी बोलेन.”

सभागृह खरोखरीच भरले होते. मागे भिंतीला टेकून लोक उभे होते. कधी नव्हे ते दवाखाना बंद ठेवून यजमान कडेच्या रांगेत येऊन बसले होते. बाईंनी रेघ दाखवली, खिंडार दाखवले, रांगेला लागलेल्या धक्क्याचे गणित मांडले. आवाज नेहमीसारखा शांत होता. मग त्यांनी निळ्या रेषांचे चित्र लावले, जे छापील सारांशात नव्हते.

“हा गुच्छ आम्ही निर्दोष धरला होता,” त्या म्हणाल्या. “लेखात मी लिहिलंय, की कोणताही दिसणारा गुच्छ त्या काळी जवळून गेला नाही. ते वाक्य माझं आहे आणि ते चूक आहे. हा गेला असू शकतो. लेख मी परत घेतला आहे.”

कुजबुज पुढच्या रांगेतून मागच्या रांगेपर्यंत सरकली. चूक कशी झाली, कोणत्या शब्दाने घात केला, हे बाईंनी सांगितले नाही. ते सांगितले असते तर सभागृह हसले असते, आणि हसणाऱ्या माणसाला क्षमा करणे सोपे जाते. बाईंना तशी क्षमा नको होती. तिसऱ्या रांगेत चाळणी बसली होती. आपले नाव येईल, असे तिला वाटले होते. ते आले नाही.

प्रश्न एकाच पाहुण्याने विचारला. बोलण्यात उद्धटपणा नव्हता, अधीरता होती. “मग आज तुम्ही नक्की काय सांगताय? काळोखाचा गोळा आहे, की नाही?”

“माहीत नाही.”

“अंदाज तर असेल?”

“होता,” बाई म्हणाल्या. “तो फार आवडता होता. म्हणून आता मी त्यावर विसंबत नाही.”

टाळ्या पडल्या त्या बेताच्याच. काही लोक चहाकडे वळले, काहींनी बाईंची नजर टाळली. यजमान गर्दीतून वाट काढीत आले. बायकोच्या हातातली पिशवी तेवढी त्यांनी आपल्या हाती घेतली. पणसर दूरवर पाहुण्यांच्या घोळक्यात होते आणि फार मोठ्याने बोलत होते.

बाहेरच्या बोळात चाळणीने बाईंना गाठले.

“माझं नाव का नाही घेतलंत?”

“वाक्य मी लिहिलं होतं.”

“मी वाचलं होतं ना! गप्प मी बसले. तुम्ही सगळं एकटीवर घेतलंत, आणि आता लोक म्हणणार, म्हातारपणी बाईंचं लक्ष राहिलं नाही. मला ते ऐकत बसायला लागणार. मला विचारलंत का तुम्ही?”

तिचे डोळे भरून आले होते, आणि ती रागावलेली होती. असे तिने बाईंना सहा वर्षांत कधी सुनावले नव्हते. बाई चकित होऊन तिच्याकडे पाहत राहिल्या. त्यांना एक विलक्षण हायसे वाटले. लेखाच्या वेळी ही पोरगी अशी अंगावर आली असती, तर!

“बरं केलंस,” त्या म्हणाल्या. “असंच बोलत जा. आजच नव्हे, रोज.”

“विषय बदलू नका.”

“बदलत नाही. दुर्बिणीच्या वेळेसाठी अर्ज जाईल त्यावर दोघींची नावं घालू. चूकही दोघींची म्हणून लिहू. झालं समाधान?”

“नाही,” चाळणीने नाक पुसले. यजमान चार पावले मागे उभे राहून भिंतीवरचे एक भित्तिपत्रक अकारण एकाग्रतेने वाचीत होते. “बाई, एक खरं सांगा. मोजणी झाल्यावर कोण निघायला हवंय तुम्हाला? काळोख, की तिरपा?”

बाईंनी उत्तरासाठी तोंड उघडले. काल दुपारपर्यंत हे कोणी विचारले असते, तर प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर आले असते. झोपेतून उठवून विचारले असते तरी आले असते. आता त्यांनी आत शोधून पाहिले. तिथे काळोखाची जुनी ओढ होती, नाही असे नाही. पण तिच्या शेजारी दुसरेच काहीतरी येऊन उभे राहिले होते, तितकेच बळकट, आणि त्याला अजून नाव नव्हते. दोहोंच्या ओढाताणीत मन ठरत नव्हते.

“सांगता येत नाही गं,” त्या म्हणाल्या. “सांगता येत नाही, याचंच नवल वाटतंय.”

“दोन वर्षं कशी काढणार मग?”

“तेच पाहायचं.” बाई चालू लागल्या होत्या, चहाच्या दिशेने नव्हे, कामाच्या खोल्यांकडे. “काठावरचे सगळ्यांत उजळ तारे कोणते, ते आज काढून ठेवू. उद्या लोक पांगतील, मग...”

“बाई, तेव्हा तुम्ही इथे नसाल.”

“पगारावर नसेन,” बाई न थांबता म्हणाल्या. “चल, ये लवकर.”